तुम्ही विचारलंत म्हणून: चित्राचा अर्थ कसा कळतो?

चित्रप्रदर्शनांना आणि लेण्यांना मी लोकांना सोबत घेऊन जाते, आणि परतीच्या वाटेवर कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतेच: ‘यात कलावंताला काय सांगायचे आहे, हे आम्हाला कसे कळावे?’ विचारणारी माणसे भरपूर वाचणारी असतात, गाणे कान देऊन ऐकणारी असतात. पण चित्रासमोर आली की त्यांच्या आवाजात संकोच येतो आणि आपल्याला यातले काही कळत नाही, असे ती आधीच सांगून टाकतात. बोटीत किंवा बसमध्ये या प्रश्नाचे उत्तर नेहमी अर्धवटच देऊन होते. म्हणून ते इथे सावकाशीने लिहिते आहे.

माझ्या अनुभवात अडचणीचे मूळ एकच असते. चित्रात कोण आहे, कुठला प्रसंग आहे, कोणती वस्तू आहे हे समजले की चित्र समजले, असे आपण धरून चालतो आणि विषय ओळखता आला नाही की तिथेच थबकतो. विषय ओळखणे आवश्यक असते, कधी कधी तर त्याखेरीज पाऊलही पुढे पडत नाही. पण तो बहुतांशी माहितीचा भाग आहे आणि माहिती कोणीही कोणाला सांगू शकते. अर्थ मात्र त्या विषयाचे कलावंताने काय केले आहे, यात असतो. त्याने उजेड कुठून आणला, कोणाला मोठे आणि कोणाला लहान केले, कोणाची नजर कुठे वळवली, काय झाकले आणि काय दाखवण्याचे नाकारले, या निर्णयांतून अर्थ घडतो. आणि हे निर्णय डोळ्यांसमोर, उघड्यावर असतात. ते पाहण्यासाठी पदवी लागत नाही, वेळ लागतो.

सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र बहुतेकांनी कॅलेंडरवर किंवा कोणाच्या दिवाणखान्यात पाहिलेले असते. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलासंग्रहात आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते ओळखले जाते, आणि सावंतवाडीच्या या चित्रकाराने ते १९४५-४६ च्या सुमारास आपल्याच मुलीला समोर उभी करून रंगवले. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात, जरी रविवर्मा १९०६ सालीच निवर्तला होता. विषय म्हणून यात ओळखण्याजोगे जवळजवळ काहीच नाही. एक स्त्री उभी आहे, तिच्या एका हातात दिवा आहे आणि दुसरा हात तिने ज्योतीपुढे धरला आहे. ही दमयंती नाही, शकुंतला नाही. हिच्यामागे कुठलीच कथा नाही. तरीही म्हैसूरला या चित्रापुढे माणसे बराच वेळ उभी राहतात.

ती का उभी राहतात, हे चित्रातच शोधता येते. ज्योत बोटांच्या आड आहे. आपल्याला दिसतो तो ज्योतीचा परिणाम: बोटांच्या कडांना आलेली लाली, चेहऱ्यावर खालून चढलेला उजेड, वस्त्रावर मंद होत गेलेली आभा आणि मागे पडलेली सावली. म्हणजे दिव्याच्या चित्रात दिवाच झाकलेला आहे, आणि तो पेटता आहे याची खात्री आपल्याला एका माणसाच्या अंगावरून पटते. त्यात हे जलरंगातले चित्र आहे. जलरंगाची रीत अशी की सर्वांत उजळ जागा नंतर पांढरा रंग चढवून आणायची नसते. तिथला कागद पहिल्यापासून राखावा लागतो आणि भोवती एकावर एक पातळ थर देत काळोख वाढवत न्यावा लागतो. तैलरंगात चूक खरवडता येते, वर दुसरा थर देता येतो. जलरंगात ती सोय फार थोडी. चित्रातली स्त्री ज्योत जपते आहे आणि चित्रकार कागदाचा उजेड जपतो आहे. या दोन जपणुकी एकमेकींना इतक्या बिलगलेल्या आहेत की ‘आशा’ हा शब्द शीर्षकात नसता तरी आपण त्याच्या आसपास कुठेतरी पोहोचलो असतो, असे मला मनापासून वाटते.

रविवर्म्याच्या शकुंतलेची गोष्ट वेगळी आहे. पायातला काटा काढण्याच्या निमित्ताने ती थांबते आणि मान वळवून मागे पाहते. कालिदासाचा प्रसंग ज्याला ठाऊक नाही, त्याला सख्यांबरोबर चाललेल्या एका मुलीच्या पायात काटा रुतलेला दिसेल. ज्याला ठाऊक आहे, त्याला पायात काटा नाही हेच दिसेल. इथे माहितीवाचून चालत नाही. पण माहिती मिळाल्यावरही पाहण्यासारखी गोष्ट उरतेच: दुष्यंत चित्रात नाही. ती ज्याच्याकडे पाहते, तो चौकटीबाहेर ठेवलेला आहे, आणि त्यामुळे तिची ओढ त्याच्या चेहऱ्यावरून नव्हे, तिच्या मानेच्या वळणावरून ओळखावी लागते.

आता घारापुरीच्या, म्हणजे एलिफंटाच्या, लेण्यांविषयी. या प्रश्नाचे पुरते उत्तर मला तिथेच मिळाले, त्यामुळे इथे थोडे रेंगाळते.

मुख्य लेण्यात उत्तरेकडून शिरले की समोरच्या भिंतीतल्या खोल कोनाड्यात सुमारे १८ फूट उंचीची तीन मुखांची प्रचंड मूर्ती दिसते. साधारणपणे सहाव्या शतकातले हे काम. पिढ्यान्पिढ्या हिला त्रिमूर्ती म्हटले गेले आणि ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणजेच उत्पत्ती, स्थिती आणि लय, असा अर्थ सांगितला गेला. ऐकायला तो सुरेख आहे, आणि अनेकजण तो घरूनच बरोबर घेऊन येतात. मी लोकांना एवढीच विनंती करते की आधी पाच मिनिटे काही न बोलता तिन्ही चेहरे एकेक करून पाहा.

आपल्या डाव्या हाताचा चेहरा उग्र आहे: बाकदार नाक, मिशी, गाठ पडलेली भुवई, हातात नाग, केसांत कवटी. उजव्या हाताचा चेहरा कोवळा, जवळजवळ स्त्रीचा आहे. केसांच्या बटा, मोत्यांच्या माळा, भरलेले ओठ आणि हातात कमळ. मधला चेहरा समोर, पापण्या उतरलेल्या, ओठ मिटलेले. त्याच्या एका हातात म्हाळुंगाचे फळ आहे. विष्णू म्हणावे तर शंख-चक्र कुठे आहे? ब्रह्मा म्हणावे तर कुठल्या खुणेवरून? कवटी आणि नाग धारण करणारा विष्णू नव्हे, आणि मोत्यांच्या माळा घातलेला हा नाजूक चेहरा ब्रह्म्याचा मानायला काहीच आधार नाही. जाणकारांनी दिलेले उत्तर असे आहे की ही एकट्या शिवाचीच मूर्ती आहे. शैव परंपरेत शिवाची पाच मुखे मानतात. त्यांपैकी उग्र अघोर, शांत तत्पुरुष आणि सौम्य वामदेव ही तीन इथे दिसतात. चौथे, सद्योजात, मागच्या खडकात आहे असे समजायचे, आणि पाचवे ईशान वरचे, दाखवण्यापलीकडचे. म्हणून अभ्यासक तिला सदाशिव किंवा महेशमूर्ती म्हणतात.

इथपर्यंतची सगळी माहिती पुस्तकात मिळते. मला मोलाचा वाटतो तो या ओळखीचा पुरावा, कारण तो लेण्यातच आहे. महेशमूर्तीकडे तोंड केले की आपल्या डाव्या हाताला अर्धनारीश्वराचा, म्हणजे अर्ध्या पुरुष आणि अर्ध्या स्त्री रूपातल्या शिवाचा, मोठा शिल्पपट आहे. त्याच्या वरच्या भागात देवांची जी दाटी आहे, तीत हंसांनी वाहिलेल्या कमलासनावर ब्रह्मा आहे आणि गरुडावर विष्णूही आहे, दोघेही आकाराने लहान, शिवाच्या दर्शनाला आलेले. ज्या शिल्पींनी या दोघांना इथे असे परिवारात बसवले, त्यांनीच बाजूच्या कोनाड्यात त्यांना शिवाच्या बरोबरीने खांद्याला खांदा लावून बसवले असेल, हे मानणे कठीण आहे. मग अर्धनारीश्वराकडे पुन्हा पाहावे. त्याची उजवी बाजू पुरुषाची, डावी स्त्रीची. महेशमूर्तीतही शिवाच्या उजव्या अंगाला अघोर आहे आणि डाव्या अंगाला स्त्रीसुलभ वामदेव. अर्धनारीश्वरात जी विभागणी एका देहात उभी रेघ ओढावी तशी स्पष्ट केली आहे, तीच इथे तीन चेहऱ्यांत वाटून मध्ये एक निर्विकार मुख ठेवले आहे. शेजारच्या शिल्पाने मूर्तीचा अर्थ उलगडला, आणि तोही आपण मान वळवली म्हणून.

पण हे सगळे मान्य केले तरी आपण फार तर विषयापाशी पोहोचलो आहोत. ‘हा सदाशिव आहे’ हे वाक्य शंभर मूर्तींना लागू पडू शकते आणि त्यांतल्या पुष्कळ मूर्ती निर्जीव असू शकतात. घारापुरीच्या मूर्तीत शिल्पींनी काय केले आहे? त्यांनी देव छातीपर्यंतच दाखवला आहे. तरी मूर्ती अपूर्ण नाही. ती खडकातून जेवढी वर यायची तेवढीच आली आहे, असे वाटते. दोन्ही बाजूंचे चेहरे एका अंगाने वळलेले असल्यामुळे क्रोध आणि माधुर्य यांना दिशा आहे, हालचाल आहे. मधल्या चेहऱ्याला दिशाच नाही, तो कोणाकडेही पाहत नाही. बाहेरचा उजेड लांबून, खांबांच्या रांगांमधून गाळून येतो, आणि दिवस चढेल-उतरेल तसे चेहऱ्यांवरचे छायाप्रकाश बदलत जातात. कोनाडा खोल असल्याने मूर्तीमागचा काळोख हटत नाही. सगळे भाव ज्यातून निघतात ते स्वतः भावरहित आहे, हे तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात वाक्य म्हणून वाचता येते. इथे ते तीन चेहऱ्यांच्या वळणात आणि खडकाच्या खोलीत घडवलेले आहे. अर्थ म्हणते तो याला. ज्याला अघोर आणि वामदेव ही नावे माहीत नाहीत, त्यालाही यातला बराचसा भाग पोहोचतो. मी तो पोहोचताना पाहिला आहे. माणसे बोलायची थांबतात.

यावर हमखास येणारा पुढचा प्रश्न असा, की ज्यात काहीच ओळखीचे नाही अशा चित्राचे काय करायचे? वासुदेव गायतोंडे यांचे नाव इथे आपोआप निघते. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले हे चित्रकार. त्यांच्या नंतरच्या काळातल्या बहुतेक कॅनव्हासना शीर्षकसुद्धा नाही. लोक त्यात समुद्र शोधतात, धुके शोधतात, कोणी एखादी लिपी शोधतात. त्यांनी स्वतः आपल्या कामाला अमूर्त म्हणणेही टाळले. ते त्याला वस्तुनिरपेक्ष चित्र म्हणत, म्हणजे ते कुठल्या वस्तूवरून काढलेले, तिचे रूप गाळत गेलेले चित्र नव्हे. तेव्हा समुद्र सापडला तर आनंद आहे, पण त्यासाठी तिथे थांबायचे नसते. रोलरने आणि रंगपात्याने थर चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे ही त्यांची पद्धत होती, आणि डोळ्यांनीही तोच प्रवास उलट दिशेने करायचा असतो: कुठला थर वर आहे, कुठला खालून डोकावतो, उजेड पृष्ठभागावर आहे की आत कुठे अडकलेला आहे. विषय नसल्यामुळे आपण एका सवयीतून सुटतो. ओळखण्याचे काम उरत नाही, म्हणून पाहण्याचे काम अंगावर येते, आणि ते पहिल्यांदा जड जाते, हे मी कबूल करते. जो माणूस यमन ऐकताना त्यात वस्तू शोधत नाही, त्याला गायतोंड्यांपुढे उभे राहण्याची तयारी आधीपासूनच आहे. ती आपल्याकडे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

राहता राहिली एक शंका, आणि ती रास्त आहे. ‘हे सगळे तुम्ही म्हणता, पण कलावंताला हेच म्हणायचे होते कशावरून?’ घारापुरीच्या शिल्पींची नावेसुद्धा उरलेली नाहीत; हळदणकर आपल्याला विचारायला नाहीत; गायतोंडे २००१ साली गेले आणि हयातीतही ते चित्रांविषयी मोजकेच बोलत. कलावंताच्या मनात काय होते ते मिळाले तर मी आनंदाने वाचते, पण अर्थाचा निवाडा त्यावर सोपवत नाही, कारण हेतू आणि कृती यांत अंतर पडते, आणि आपल्यासमोर असते ती कृती. याचा अर्थ ज्याला जे वाटेल ते खरे, असाही नाही. घारापुरीच्या डाव्या चेहऱ्याला कोणी प्रेमळ म्हटले, तर भुवई आणि कवटी त्याला आडवी येतात. दिव्याच्या चित्रातली स्त्री कोणाची तरी वाट पाहते आहे, असे मला पुष्कळांनी सांगितले आहे. मी त्यांना तिची नजर दाखवायला सांगते, आणि चित्र त्या म्हणण्याला आधार देते का, हे मग आम्ही दोघे मिळून तपासतो. कधी आधार सापडतो, कधी नाही. ज्या अर्थाकडे बोट दाखवून ‘हे इथे आहे’ असे म्हणता येते तो अर्थ मी ऐकून घेते, मग तो सांगणारा चित्रकलेचा प्राध्यापक असो किंवा आयुष्यात पहिल्यांदाच चित्रप्रदर्शनाला आलेला कोणी असो. आणि तसे बोट दाखवता येत नसेल, तर माझा स्वतःचा अर्थही मी मागे घेते.