छपरावरचं तळं

मिशिगनमधल्या त्या गावातलं दुकान बंद पडून सात वर्षं झाली होती. स्वस्त मालाच्या एका मोठ्या साखळीचं दुकान. पाटीची अक्षरं काढून नेलेली, पण त्यांच्याआडचा रंग उन्हाने विटला नव्हता, त्यामुळे नाव अजून रस्त्यावरून वाचता यायचं. नगरपालिकेला तिथे वाचनालय करायचं होतं. सांगाडा तपासायचं काम माझ्याकडे आलं.

या दुकानांशी या राज्याचं जुनं नातं आहे. पहिलं केमार्ट १९६२ साली इथल्याच गार्डन सिटीत उघडलं. वॉलमार्ट आणि टार्गेटही त्याच वर्षातले. बांधणी बहुतेकांची सारखी: जवळजवळ बिनखिडक्यांच्या भिंती, लोखंडी खांब, त्यांवर जाळीदार जॉइस्ट, म्हणजे छपराचा भार तोलणाऱ्या आडव्या लोखंडी तुळया, वर पन्हळी पत्रा आणि सपाट छप्पर. रूप काहीच नाही. पण एवढी मोकळी जागा एका छपराखाली पुन्हा कोण बांधणार? पाडायला सांगताना माझा हात धजत नाही. टेक्सासच्या मॅकॅलनमध्ये जुन्या वॉलमार्टचं सार्वजनिक वाचनालय झालं, २०११ साली उघडलं. सव्वा लाख चौरस फुटांच्या आसपास, सगळं एकाच मजल्यावर.

आत दोन कामगार फॉल्स सीलिंग उतरवत होते. चावी घेऊन आलेले आजोबा तरुणपणी इथेच माल लावायचे. बॅटरीच्या उजेडात ते मला खेळणी कुठे होती, रंगाचे डबे कुठे होते, ते दाखवत चालले. मध्येच थांबून म्हणाले, "इथे आम्ही कायम बादली ठेवायचो."

मी बॅटरी वर धरली. शेजारचे जॉइस्ट सुतात होते. त्या जागेवरच्या तिघांनी पोट खाली सोडलेलं होतं.

कामगारांना मी होते तसे बाहेर काढलं. अवजारंसुद्धा उचलू दिली नाहीत. मग बाहेरच्या शिडीवरून वर गेले, भिंतीच्या कडेलाच थांबले. समोर तळं. त्यात हिरवं गवत उगवलेलं, वाऱ्याने लाटा उठत होत्या. पाणी उतरायची जाळी पानांनी आणि फाटलेल्या डांबरी पट्ट्यांनी गच्च तुंबलेली. लांब काठीने खोली मोजली: सोळा सेंटिमीटर. पाण्याचा एक सेंटिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला दहा किलो. इथे एकशे साठ, आणि वर बर्फ पडायचाच होता. सपाट छपराचा घात असाच होतो. पाणी साचलं की जॉइस्ट वाकतो, वाकला की खळगा खोल होतो, खोल खळग्यात आणखी पाणी येतं. मधल्या मालकाने वर्षातून एकदा माणूस वर पाठवला असता तरी पुरलं असतं. याचा मला आजही राग येतो.

पंप यायला दुपार झाली. पाणी कडेने हळूहळू ओढलं. मी दारातून लेझर लावून मधल्या जॉइस्टची खालची पट्टी बघत बसले. पहिला तास काहीच नाही. मग आकडा हलायला लागला: तीन मिलिमीटर, आठ, चौदा. लोखंड वर येताना मी कधी पाहिलं नव्हतं. बावीसवर थांबलं. पुरतं सरळ झालं नाही.

संध्याकाळी नकाशावर त्या जागेला लाल चौकोन काढला. तिन्ही जॉइस्ट काढायचे, भोवती नवी चौकट बसवायची आणि वर काच. वाचनालयाला उजेड हवाच होता. आजोबांना जागा दाखवली, तर त्यांनी विचारलं, "बादलीवरच?" मी म्हटलं, हो, बरोबर तिथेच.