चाळीस प्रश्नांसाठी सात बुधवार

लेकाच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं काम एकदाचं झालं, पण राग अजून उतरलेला नाही. तो उतरायच्या आत लिहून काढते. अशाच रांगेत उद्या उभं राहणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

लेकाला ऑटिझम असल्याचं निदान पुण्यात झालं, दोन भेटींत. तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज अर्ध्या तासात भरून झाला. त्यानंतर जिल्ह्याच्या रुग्णालयात तपासणीसाठी वैद्यकीय बोर्डापुढे जायचं होतं. बोर्ड फक्त बुधवारी बसतं. आम्ही पहाटे सहाच्या एसटीने निघायचो.

पहिल्या बुधवारी खिडकीवरच्या माणसाने कागद बघितले आणि म्हणाला, "मतिमंदच्या रांगेत थांबा." मी म्हटलं, ऑटिझम आहे. तो म्हणाला, "तेच ते." तेच ते नाही हो! अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता, हे मला माहीत आहे. पण २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, त्यांत वेगळी नोंदवलेली आहे. तरी मी गप्प बसले, रांगेत उभी राहिले. तिथेच चुकलं. दुसऱ्या बुधवारी त्याची बुद्ध्यांक चाचणी झाली. अनोळखी खोलीत त्याने ठोकळ्यांना हातसुद्धा लावला नाही, आणि कागदावर बौद्धिक अक्षमता असं लिहून आलं. ऑटिझमसाठी आयसा नावाची मोजपट्टी असते. तिच्यात चाळीस प्रश्न असतात आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. ती कुणी काढलीच नाही.

तिसऱ्या बुधवारी मानसशास्त्रज्ञ मॅडम रजेवर होत्या. जिल्ह्याला त्या एकट्याच. चौथ्या बुधवारी त्या तालुक्याच्या शिबिराला गेल्या होत्या, आणि ते आम्हाला साडेतीन तास बसवून ठेवल्यावर सांगितलं. ते साडेतीन तास मी विसरणार नाही. शिपाई दारातून नंबर ओरडायचा आणि प्रत्येक ओरडण्याला लेक कानांवर हात दाबून बाकाखाली शिरायचा. तिथे तो डब्याचं स्टीलचं झाकण फरशीवर फिरवत बसला. झाकण थांबत आलं की गाल फरशीला टेकवून बघायचा, मग पुन्हा फिरवायचा. शेजारचे काका म्हणाले, "पोराला जरा वळण लावा." मी उत्तर दिलं नाही. ज्या मुलांना गर्दी आणि आवाज सहन होत नाही, त्यांनाच या बोळात तासन्‌तास बसवायचं, हे ठरवलं कुणी? एक शांत खोली आणि फोनवर दिलेली वेळ, एवढंच तर हवं असतं.

पाचव्या बुधवारी आयसाचे छापील फॉर्म संपले होते. मी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढून आणते म्हटलं, तर बाहेरचा कागद चालत नाही म्हणाले. सहाव्या बुधवारी मॅडम भेटल्या, पण जुन्या अहवालावर बौद्धिक अक्षमता लिहिलेलं असल्यामुळे आधी ते दुरुस्त करून आणा म्हणाल्या. त्या दिवशी मी अर्ज लेखी दिला आणि त्यावर आवक क्रमांक घेतला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तोंडी बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, आवक क्रमांक मात्र राहतो.

सातव्या बुधवारी सगळं पंचवीस मिनिटांत झालं. मॅडमनी मनापासून विचारलं, नीट ऐकून घेतलं. त्यांच्यावर माझा राग नाही, एका माणसावर अख्खा जिल्हा टाकणाऱ्यांवर आहे. आयसाचे गुण आले ११२, म्हणजे तिच्या तक्त्याप्रमाणे ७० टक्के दिव्यांगत्व. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि आधी पाणी प्यायले.

मोबाइलमध्ये घरातले व्हिडिओ काढून न्या. नावाने हाक मारल्यावर मूल बघतं का, खेळण्याचं काय करतं, हे दिसू द्या. आमच्या मॅडमना त्याचा फार उपयोग झाला. आधार आणि जन्मदाखला यांवरचं नाव अक्षर न्‌ अक्षर जुळतंय ना, तेही आधी तपासा. आणि त्याच आवारात डीईआयसी, म्हणजे लहान मुलांचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, तिथे स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी फुकट मिळते, हे मला तिसऱ्या बुधवारी एका दुसऱ्या आईने सांगितलं. खिडकीवर कुणीच बोललं नव्हतं. प्रमाणपत्राची वाट बघत थेरपी थांबवू नका. थेरपीला प्रमाणपत्र लागत नाही.

या सगळ्यात जाऊबाईंनी स्टेम सेलची जाहिरात पाठवली होती, काही लाखांची. त्यांना काळजीच होती. पण ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलेलं आहे, तेच मी त्यांना वाचून दाखवलं. तो पैसा थेरपीत जाऊ दे.

प्रमाणपत्रावर आम्ही निरामय हा सरकारी आरोग्य विमा काढला, त्यात वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे. ह्यांना प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत ८०डीडी कलमाखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळाली. त्यासाठी १०-आयए हा वेगळा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागला.

लेकाचं प्रमाणपत्र तात्पुरतं आहे, पुन्हा तपासणी होणार. यावेळी मी लेखी अर्ज आधीच देणार आहे, आणि त्यात शांत खोली मागणार आहे.