मुलांना घेऊन मालवणात आठ दिवस करता तरी काय?

दिवाळीची सुट्टी संपवून ठाण्याला परत आलो की हा प्रश्न ठरलेला. कधी ऑफिसात डबे उघडताना, कधी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांकडून. "आठ दिवस? मालवणात? पोरांना घेऊन?" पाठोपाठ उपप्रश्न असतो: किल्ला दोन तासांत बघून होतो, समुद्र काय सगळीकडे सारखाच, मग बाकीचे दिवस मुलं कंटाळत नाहीत का? उभ्या उभ्या काय सांगणार? "नाही हो, मजा येते," म्हणून मी सुटका करून घेते. पण परवा एकीने खोदून खोदून विचारलं, तिला डिसेंबरात जायचंय. तर तुम्ही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगते.

कंटाळतात. पहिल्या वर्षी तर भयंकर कंटाळले होते. थोरला तेव्हा सहा वर्षांचा आणि धाकटी दोनची. आम्ही भाड्याने गाडी केली आणि तीन दिवसांत अकरा 'पॉइंट' उरकले. गाडीतून उतरा, फोटो काढा, गाडीत बसा. त्या सहलीतलं थोरल्याला आज एवढंच आठवतं की घाटीच्या वळणावर त्याला उलटी झाली आणि ती बाबाच्या नव्या चपलेवर पडली. धाकटीला अर्थातच काहीच आठवत नाही, आणि मला आठवतात त्या ओल्या पिशव्या.

पुढच्या वर्षापासून गाडी बंद केली. रात्री कोकणकन्या पकडायची, सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून एसटी. तारकर्लीच्या बाजूला एका घरात दोन खोल्या घ्यायच्या आणि तळ हलवायचा नाही. दिवसाला एकच ठिकाण. आणि तिसरी गोष्ट आपोआप कळत गेली. जिथे मुलांच्या हाताला काहीतरी काम मिळतं, तिथे ती रमतात. जिथे नुसतं बघायचं असतं, तिथे दहाव्या मिनिटाला "आई, भूक".

सिंधुदुर्ग किल्ल्याचंच घ्या. गाइड तोंडपाठ सांगतो: २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी, कुरटे बेटावर तीन वर्षं बांधकाम, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस एकर, सुमारे तीन किलोमीटरचा तट. मोठ्यांना हे ऐकायला बरं वाटतं. पाच वर्षांच्या मुलीला एकर म्हणजे काय कळणार? यंदा आम्ही होडीत बसतानाच पैज लावली. या किल्ल्याचा दरवाजा असा वळवून घेतलाय की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही, आधी कोण हुडकतो बघू. दोघं होडीच्या टोकाला जाऊन उभी राहायला लागली, होडीवाल्याने दरडावून खाली बसवलं. पण डोळे तटावरच. दरवाजा धाकटीला आधी दिसला. थोरल्याच्या मते तिने फसवलं. तो वाद शहाळं पिऊन होईपर्यंत चालला.

तिथली दुसरी युक्ती माझ्या नवऱ्याची. जेट्टीवर निघायच्या आधीच त्याने दोघांना समुद्राच्या पाण्यात बोट बुडवून चाटायला लावलं. तोंडं वाकडी झाली. किल्ल्यात तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंना खारा समुद्र आणि आत गोडं पाणी. किल्ल्यात अजून काही घरं राहती आहेत. त्यातल्या एक आजी कळशी भरत होत्या, त्यांनी थोरल्याच्या हातात दोर दिला. कळशी वर येईस्तोवर त्याचे तळवे लाल झाले होते. ओंजळीतलं पाणी त्याने आधी जिभेच्या टोकाने चाखलं, विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा चाखलं, मग घटाघटा प्यायला. "हे कसं काय?" असं त्याने स्वतःहून विचारलं, तेव्हा कुठे आम्ही खडक, पावसाचं मुरलेलं पाणी वगैरे सांगायला तोंड उघडलं. दरवाज्याजवळ चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, घुमटीत. थोरल्याला आपला पंजा त्यावर ठेवून मापायचा होता. तसं करता येत नाही म्हटल्यावर तो हिरमुसला. सगळा तट चालायचा हट्ट मात्र मोठ्यांनीही धरू नये. आम्ही धरला होता, आणि निम्म्या वाटेपासून धाकटी माझ्या कडेवर, ऊन डोक्यावर.

देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचं बेट आहे, सगळे त्याला त्सुनामी बेट म्हणतात. तिथल्या पाण्यातल्या खेळांबद्दल मला फार विचारू नका. एका होडीवाल्याने "लहान पोरंही बसतात" म्हणून केळ्यासारख्या फुगीर नावेवर बसवलं आणि न सांगता मधोमध उलटवलं. लाइफ जॅकेट होतं, बुडालं कोणी नाही. पण थोरला रात्री दोनदा दचकून उठला. पैसे गेले ते वेगळेच. तिथेच ओहोटीच्या वेळी वाळूत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, उकरणाऱ्या बायका होत्या, त्यांच्या मागे मुलं तासभर बसली. त्याचे पैसे पडले नाहीत.

पाऊस अवकाळी आला किंवा ऊन फार असलं की आम्ही कुडाळजवळच्या पिंगुळीला जातो. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी आणि बाहुल्यांची परंपरा एका कुटुंबाने आपल्या गोठ्याचं संग्रहालय करून सांभाळली आहे. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आधी चित्रांच्या पोथ्या दाखवतात. एकेक चित्र पुढे करायचं आणि गात गात रामायणातली गोष्ट सांगायची. धाकटी पाच मिनिटं बसली आणि वळवळायला लागली. मग चामड्याच्या बाहुल्या निघाल्या. पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावला आणि सावल्या हलायला लागल्यावर ती उठून थेट पडद्यामागेच गेली. मी ओशाळून तिला ओढायला धावले, तर तिथल्या दादांनी हातानेच मला थांबवलं आणि एका बाहुलीची काडी तिच्या हातात दिली. पुढचा खेळ असा झाला की गाण्यात राम बाण मारतोय आणि पडद्यावर एक राक्षस कारण नसताना वर-खाली, वर-खाली उड्या मारतोय. घरी आल्यावर जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणि खराट्याच्या काड्यांतून बाहुल्या झाल्या. आमच्या बैठकीच्या खोलीतली एक चादर तेव्हापासून कपाटात गेलेली नाही.

सावंतवाडी एक दिवसाची. चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. भातुकली, लाकडी फळं, भोवरे. दुकानदाराला "हे इथलंच ना?" असं जरूर विचारा, कारण बाहेरचं प्लास्टिकही आता त्याच फळ्यांवर मांडलेलं असतं. राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कलाकार बसलेले असतात. गोल पत्ते, दशावतारी गंजिफा म्हणजे दहा रंगांचे मिळून १२० पत्ते. थोरल्याला पत्ते बघण्यात रस नव्हता, डाव कसा मांडतात ते हवं होतं. आम्हालाच येत नाही तर शिकवणार काय? त्याने शेवटी मोती तलावाच्या कट्ट्यावर बसून स्वतःचेच नियम काढले. त्या नियमांनुसार मत्स्य नेहमी जिंकतो, कारण मालवणात मासे महाग आहेत.

धामापूरचा तलाव मात्र मी माझ्यासाठी ठेवते. १५३० सालचा, चारी बाजूंनी झाडी, काठावर भगवतीचं देऊळ, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला, पण तिथे पोहोचल्यावर असल्या कशाची आठवण राहत नाही. मुलांना तिथे काम काय, तर काही नाही. म्हणून गोष्ट सांगावी लागते. पूर्वी गावात लग्न निघालं की परडीत फुलांचे दागिने करून तलावात सोडायचे, देवी तसेच सोन्याचे दागिने वर पाठवायची. लग्न झालं की परत करायचे. मग कोणीतरी परत केले नाहीत आणि देवीने देणं बंद केलं. थोरला शांतपणे म्हणाला, "शाळेच्या लायब्ररीतही असंच आहे."

जेवणाचं सगळ्याच विचारतात. मालवणी तिखट मुलांना झेपत नाही, हे खरं. आमच्या घरमालकीण काकू सकाळी घावणे करतात आणि मुलांसाठी कालवणातला मासा मसाल्याआधी बाजूला काढतात. एके दिवशी त्यांनी शिरवाळ्यांचा घाट घातला. तांदळाच्या उकडीचे गरम गोळे लाकडी साच्यात घालायचे आणि वरून दाबायचं, खाली शेवया उतरतात. त्या गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. दाबायला ताकद लागते. "जोर लाव गो बाय," म्हणत काकूंनी धाकटीला अख्खी त्या दांड्यावर लोंबकळायला लावलं. ती लोंबकळली, साचा हलला नाही. मग थोरला लोंबकळला. मग दोघं एकदम. शेवया उतरायला लागल्या तेव्हा स्वयंपाकघरात जो आरडाओरडा झाला त्याने बाहेरची कोंबडी कुंपणावर चढली. घरी शेवयांचं नाव काढलं की नाक मुरडणारी ही दोघं तीन-तीन वाट्या जेवली.

आता रापण. आठ दिवसांचं खरं उत्तर हेच आहे.

सकाळी फटफटायच्या सुमारास किनाऱ्यावर गेलात तर दिसेल. होडी अर्धवर्तुळ मारत समुद्रात जाळं सोडते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, एकमेकांपासून बरेच लांब. एकेका दोराला दहा-पंधरा, कधी वीस माणसं. म्हातारे, तरणे, कॉलेजची पोरं, बायका. पाय वाळूत रोवून मागे मागे चालत ओढतात. दोन्ही तांडे हळूहळू जवळ सरकत येतात. तास-दीड तास. काठावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांची तिथे कमी नाही आणि रापणवाल्यांना त्यांचा वैताग येतो, कारण ते नेमके दोराच्या वाटेत उभे असतात.

पहिल्या दिवशी आम्हीही तसेच उभे होतो. "बाजूक व्हा, दोरी पायात अडकात," अशी हाक आली. आम्ही मागे झालो, पण धाकटी पुढे गेली आणि शेवटच्या आजोबांच्या मागे दोराला लोंबली. त्यांनी वळून बघितलं. हाकलतील असं वाटलं. त्यांनी तिचे हात धरून दोरावर नीट बसवले. "हातान नको गो, अंगान ओढ." म्हणजे मुठीत जोर लावू नकोस, शरीराचं वजन मागे टाक. तिला ते लगेच जमलं. थोरला भिडस्त, तो दहा मिनिटांनी आला. नवराही आला. मी चपला सांभाळत बसले.

शेवटी जाळ्याची खोळ वर येते तेव्हा सगळे तिच्याभोवती जमतात. चांदीसारखे उडणारे पेडवे, बांगडे, दोन-चार म्हाकुलं, जेलीफिशचा गाळ. एक केंड मासा होता, त्याला काठीने डिवचल्यावर फुगून चेंडू झाला. मुलांनी त्याला परत पाण्यात सोडायला लावलं, त्यावर दोघा-तिघांनी कपाळाला हात लावला. केंड जाळी कुरतडतो, त्याला सोडणारा रापणवाला विरळा. मग वाटे पडले. ज्याने ओढलं त्याला वाटा, हा तिथला रिवाज. आजोबांनी दोन बांगडे उचलून धाकटीच्या फ्रॉकच्या ओच्यात टाकले. "काम केलंस मां? मग ह्यो तुझो वाटो." थोरल्याला एक. उशिरा आला म्हणून. हा हिशेब त्याला पटला, घरी माझ्याशी पाच रुपयांवरून भांडणाऱ्या मुलाला. नवऱ्याला काहीच नाही.

ते बांगडे धाकटीने कोणाला हात लावू दिले नाहीत. काकूंनी तळले आणि ती काटे वेचत वेचत एक तास जेवत होती. फ्रॉकचा वास चार धुण्यांनंतरही गेला नाही.

पुढचे पाच दिवस अलार्म न लावता दोघं पहाटे उठली. ठाण्याला ज्यांना सात वाजता ढकलून उठवावं लागतं तीच ही. कधी दोन मासे मिळाले, कधी मूठभर पेडवे, एकदा एक इवलीशी कुर्ली. धाकटीला आता आपण नोकरीलाच लागलोय असं वाटायला लागलं होतं. फोटो काढणारे वाटेत आले की तीच ओरडायची, "बाजूक व्हा!"

शेवटच्या दिवशी दोर नेहमीपेक्षा हलका येतोय हे माझ्या लक्षात आलं नाही, तिच्या आलं. "आई, आज सोपंय," असं ती मागे वळून म्हणाली. पुढच्या माणसांतलं कोणी बोलत नव्हतं. खोळ वर आली. दोन केंड, शेवाळ, पाण्याच्या बाटल्या, एक तुटकी चप्पल आणि तळाशी ओंजळभर पेडवे. वीस-पंचवीस माणसांत ओंजळभर. रापणवाल्यांचं रडगाणं जुनंच आहे, की खोल पाण्यात पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या घेराची जाळी टाकणाऱ्या यांत्रिक बोटी, आणि मासे खेचायला एलईडीचे दिवे लावणारे मासा किनाऱ्यापर्यंत येऊच देत नाहीत. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, पण भांडण काही मिटलेलं नाही. तेव्हा मात्र कोणी काहीच म्हणालं नाही. दोघांनी जाळं झटकायला घेतलं, एकाने विडी पेटवली.

धाकटी ओचा पुढे धरून आजोबांसमोर उभी. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. "आज कायच गावाक नाय, बाय."

तिने ओचा सोडला. त्यांच्याबरोबर वाळूत उकिडवी बसून तिने जाळ्यातल्या बाटल्या सोडवायला घेतल्या, सगळ्या एका बाजूला रांगेत लावल्या. मी हाक मारली तेव्हा म्हणाली, उद्या लवकर येऊया, उद्या मिळतील.

उद्या आमची गाडी होती.