तुम्ही विचारलंत म्हणून: शनिवारी दुसऱ्यांच्या पोरांना का शिकवतो?

"शनिवारची दुपार तुम्ही दुसऱ्या कंपन्यांतल्या पोरांबरोबर घालवता. आपला कोड भिंतीवर लावून दाखवता. उद्या तीच पोरं तुमची गिऱ्हाइकं नेतील की! मग कशासाठी हे?"

हा प्रश्न मला सासऱ्यांनी विचारलाय, आमच्या सीएंनी विचारलाय, आणि गेल्या महिन्यात एका फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकांनी कोटेशनवर सही करता करता विचारला. प्रत्येक वेळी मी घाईत काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो.

मी कोल्हापुरात वेब डेव्हलपर आहे. राजारामपुरीत आमचं पाच जणांचं ऑफिस आहे. २०१२ साली एकट्यानं सुरुवात केली तेव्हा पहिलं काम एका चप्पल दुकानाच्या वेबसाइटचं होतं, साडेचार हजार रुपयांना. आज आमची बहुतेक कामं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची आहेत: बिलं, डिस्पॅच, कुठल्या हीटचं (एका वेळी वितळवलेल्या धातूचं) कास्टिंग कुठल्या ग्राहकाकडं गेलं त्याची नोंद. इथल्या स्टार्टअपचं रूप असंच आहे. मोठ्या गुंतवणुकीच्या बातम्या आमच्याकडं क्वचित येतात. फौंड्रीवाला, इचलकरंजीचा यंत्रमागवाला, हुपरीचा चांदीवाला यांच्यापैकी कुणाची तरी अडचण सुटली की दुसऱ्या महिन्यात पैसे येतात, आणि त्याच पैशावर पुढचं पाऊल पडतं.

शनिवारची बैठक २०१७ साली चौघांनी सुरू केली. उद्यमनगरात माझ्या वर्गमित्राचं वर्कशॉप आहे, त्याच्या माळ्यावर बसतो. कधी बारा जण येतात, कधी तीस. खाली लेथ, म्हणजे धातू कातायची यंत्रं, चालू असतात, त्यामुळं बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागतो.

ती जागा सोयीची आहे एवढंच नाही, मी त्याच गल्ल्यांत वाढलोय. माझ्या आबांचा उद्यमनगरात एकच लेथ होता. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. एखादी पुली आली की आबा टर्निंग करायचे आणि मला म्हणायचे, "जा, समोर स्लॉटिंगला देऊन ये." स्लॉटिंग मशीन आमच्याकडं नव्हतं. चावीचा गाळा, म्हणजे पुली शाफ्टवर घट्ट बसावी म्हणून आतून पाडायची खाच, पाडून झाला की तीच पुली तिसऱ्याकडं ड्रिलिंगला जायची, शाफ्ट असेल तर हार्डनिंगला चौथ्याकडं, तिथून ग्राइंडिंगला पाचव्याकडं. संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या हातात पूर्ण माल पडायचा आणि त्यावर पाच वर्कशॉपचे हात फिरलेले असायचे. समोरच्या स्लॉटिंगवाल्याकडंही लेथ होता, म्हणजे तो आबांचा स्पर्धकच. तरी त्याचा टूल तुटला की आबा आपला काढून द्यायचे, आणि माप चुकत असेल तर जाऊन दाखवायचे. माप चुकलं तर पुली परत येणार होती ती आमच्याच नावावर. हे मी मोठा होऊन कुठं शिकलो नाही. हाताला ऑइल लागलेलं असताना बघितलंय.

सॉफ्टवेअरचंही तसंच आहे, फक्त पुली डोळ्यांना दिसत नाही. आमच्या गावात डेव्हलपर मोजके, गिऱ्हाइकं एकमेकांच्या ओळखीची. आज मी लिहिलेला कोड तीन वर्षांनी दुसऱ्याच्या टेबलावर जाणार आणि त्याचा माझ्याकडं येणार, हे ठरलेलंच.

१ ऑगस्ट २०२३, मंगळवार. जीएसटीत ई-इन्व्हॉइसची सक्ती टप्प्याटप्प्यानं खाली आली हे धंद्यातल्या लोकांना आठवत असेल. ऑक्टोबर २०२० मध्ये ती पाचशे कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू झाली, मग शंभर, पन्नास, वीस, ऑक्टोबर २०२२ मध्ये दहा, आणि त्या दिवशी पाच कोटी. पाच कोटींची मर्यादा आली म्हणजे आमच्या मध्यम फौंड्र्या त्यात आल्या. आता नुसतं बिल छापून भागणार नव्हतं. बिलाची माहिती सरकारी पोर्टलला पाठवायची, तिथून चौसष्ट अक्षरांचा आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा ओळख क्रमांक, आणि सही केलेला क्यूआर कोड आला की मगच ते बिल खरं. मी दीड महिना राबून हे सगळं बसवलं होतं. चाचणीच्या सर्व्हरवर शंभरेक बिलं पाठवून बघितली होती, सगळी पास.

त्या संध्याकाळी सहाला शिरोलीहून फोन आला. कर्नाटकात जाणारा कास्टिंगचा ट्रक भरून गेटवर उभा होता आणि एकही बिल पास होईना. स्क्रीनवर एवढंच येत होतं: 'विनंती अयशस्वी'. मी गाडी काढून तिथं गेलो. ड्रायव्हर केबिनच्या पायरीवर बसला होता. डिस्पॅचचे मामा दर पाच मिनिटांनी दारात येऊन काही न बोलता परत जायचे. त्यांनी एक शब्द बोलला असता तर बरं वाटलं असतं. मी नेटवर्क बघितलं, पासवर्ड बघितले, एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचे जीएसटीतले आकडे) बघितले, बेरजा दोनदा तपासल्या. साडेसात वाजले.

शेवटी इचलकरंजीच्या एकाला फोन लावला. तो सूत व्यापाऱ्यांची सॉफ्टवेअर करतो. त्याची गिऱ्हाइकं दहा कोटींच्या टप्प्यातली, म्हणजे दहा महिने आधी तो याच आगीतून गेलेला. मी अर्धं सांगितलं असेल-नसेल, त्यानं विचारलं, "बिल नंबर शून्यानं सुरू होतोय का?"

मी समोरच्या कागदाकडं बघितलं. ०४१२/२३-२४. त्या फौंड्रीत वडिलांच्या काळापासून बिल नंबर चार आकडीच लिहायची पद्धत, पुढं शून्य लावून. पोर्टलला शून्यानं, तिरप्या रेघेनं किंवा आडव्या रेघेनं सुरू होणारा बिल नंबर चालत नाही. चाचणी करताना मी 'टेस्ट' या शब्दानं सुरू होणारे नंबर वापरले होते, त्यामुळं ही गोष्ट कधी पुढं आलीच नाही. पोर्टल बिचारं प्रत्येक वेळी कारण सांगत होतं, पण ते कारण पुढं दाखवणारी ओळ मी लिहिली नव्हती. चूक पूर्ण माझी होती. नंबरापुढं फौंड्रीच्या नावाचं आद्याक्षर लावलं, मालकांची आणि सीएंची फोनवर परवानगी घेतली, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी प्रिंटरमधून क्यूआर कोड असलेलं पहिलं बिल बाहेर आलं. मामांनी ते हातात घेतलं, दिव्याखाली धरून बघितलं आणि ड्रायव्हरला हाक मारली.

पुढच्या शनिवारी मी तो कोड तसाच्या तसा भिंतीवर लावला. कुठं चुकलो ते दाखवलं. समोर बसलेल्यांपैकी तिघांच्या कोडमध्येही एरर तशीच गिळलेली, म्हणजे कारण न दाखवता दडपलेली, निघाली. त्यांनी तिथंच बसून दुरुस्त केली. त्या तिघांचे ट्रक आता तरी गेटवर अडणार नाहीत, आणि कोल्हापूरच्या त्या तीन कारखान्यांत 'हे सॉफ्टवेअरवाले असलेच' असं कुणी म्हणणार नाही. हा शेवटचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडं एकाचा अनुभव वाईट आला की चेंबरच्या मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं तो सांगितला जातो. एकानं घाण केली की दार सगळ्यांना बंद होतं.

तशी एक घाण आम्ही मिळून काढली, तीही सांगतो. काही वर्षांपूर्वी मसाल्याचा घरगुती उद्योग करणाऱ्या एक ताई माझ्याकडं आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, पावत्या आणि स्वतःच्या मालाचं एक खोकं. खोक्यावर त्यांच्या वेबसाइटचं नाव ठळक छापलेलं. अशी दहा हजार खोकी त्यांनी छापून घेतली होती. वेबसाइट मात्र उघडत नव्हती. ज्यानं केली त्यानं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं, आणि आता तो फोन उचलत नव्हता. डॉट कॉमचं डोमेन मुदत संपली म्हणून लगेच जात नाही. आधी काही दिवसांची सवलत असते, मग जास्त पैसे भरून सोडवून घ्यायला तीस दिवस, आणि शेवटचे पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही. त्या आल्या तेव्हा त्या शेवटच्या पाच दिवसांतला तिसरा दिवस चालू होता. मी काही करू शकलो नाही. ते नाव कुणीतरी तिसऱ्यानंच उचललं. ताईंनी घरातल्या सगळ्यांना बसवून दहा हजार खोक्यांवर नव्या नावाचे स्टिकर चिकटवले.

मी ते खोकं शनिवारी माळ्यावर नेलं आणि मधोमध ठेवलं. त्या दिवशी आम्ही ठरवलं, डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्या मोबाइल नंबरावर. पासवर्ड लिहून पाकिटात घालून त्याच्या हातात द्यायचा. त्याला काही कळत नसलं तरी द्यायचा. 'मग ते आपल्याला सोडून जातील' असं एक जण म्हणाला होता. तोच आता नव्या पोरांना पाकिटाचं सांगतो. ते खोकं अजून माळ्यावर आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर तर कुणीच विसरलं नसेल. आमच्यातल्या एकाचं ऑफिस तेव्हा तळमजल्यावर होतं आणि सात गिऱ्हाइकांचा हिशोब तिथल्याच एका मशीनवर. बॅकअपही शेजारच्याच कपाटात. पाणी चढायला लागलं तेव्हा त्यानं हार्ड डिस्क काढून तीन पिशव्यांत गुंडाळली आणि गुडघाभर पाण्यातून बाहेर काढली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, पुण्याला जायची सोय नाही. राजारामपुरी उंचावर, आमच्याकडं पाणी नव्हतं. चौघांनी दोन रात्री इन्व्हर्टरवर बसून तो डेटा मुंबईच्या क्लाउड सर्व्हरवर चढवला. त्या चौघांत तिघं एकमेकांचे स्पर्धक होते. तेव्हापासून एक बॅकअप दुसऱ्या शहरात असलाच पाहिजे हे आम्ही पहिल्या दिवशी आलेल्या पोरालाही सांगतो. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं, तेव्हा आमच्यातल्या कुणाचाच डेटा अडकला नाही.

आता तोट्याचं. पोरं शिकतात आणि पुण्याला, बंगळूरला जातात, हे खरं आहे. गडहिंग्लजहून बीसीए करून आलेली एक मुलगी आमच्याकडं दीड वर्ष होती. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), डेटाबेस, सगळं तिनं आमच्याकडंच हातात घेतलं, आणि तिप्पट पगारावर हिंजवडीला गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिथं मोठ्या सिस्टीमवर जे शिकते ते ती सणाला गावी आली की माळ्यावर येऊन सांगते. पेमेंटचा मेसेज दोनदा आला तर पैसे दोनदा जमा होऊ नयेत यासाठी काय करायचं, हे तिनं गेल्या दिवाळीत खडूनं फळ्यावर काढून दाखवलं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ते माहीत नव्हतं. मलाही अर्धवटच माहीत होतं.

आणि गिऱ्हाईक पळवण्याचं विचारता, तर हो, पळवलंय. माझ्याच माळ्यावर शिकलेल्या एकानं माझं चार वर्षांचं गिऱ्हाईक कमी दरात नेलं. मला ते फार लागलं. दोन महिने मी शनिवारी गेलो नाही. घरी बसून राहायचो आणि साडेतीन वाजले की घड्याळाकडं बघायचो. परत गेलो तो आबांच्यामुळं. ते म्हणाले, "स्लॉटिंगवाल्यानं माझी दोन गिऱ्हाइकं नेली होती. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू त्याच्याकडं पुली घेऊन जायचास."

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला त्या पोराचा फोन आला. सर्व्हरची डिस्क भरली होती, साइट बंद पडली होती, कुठली फाइल वाढतेय ते त्याला सापडत नव्हतं. मी लॅपटॉप उघडला. एक जुनं लॉग फोल्डर, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप लिहीत जातं त्या नोंदींचं, वर्षानुवर्षं साठत गेलं होतं, कधी साफच झालं नव्हतं. ते रिकामं केलं, दर आठवड्याला साफ होईल अशी सोय लावली, आणि एक वाजता साइट सुरू झाली. ते लॉग लिहिणारा कोड माझा होता, म्हणूनच त्यानं मला फोन केला होता. साइट त्याच गिऱ्हाइकाची होती. ते अजून त्याच्याकडंच आहेत.