कावळा शिवेना तेव्हा

वडील वारले आणि त्यांची वीणा माझ्याकडे आली. मी हायस्कूलला गणित शिकवतो. कॉलेजात असताना कीर्तन सुटलं होतं. सुटलं कसलं, मीच सोडलं होतं. पण सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला उभं कोण राहणार, म्हणून गावातल्या जाणत्यांनी मला पुढं केलं. दोनतीन वर्षांत मी शाळेत 'सर' आणि गावात 'महाराज' झालो. ज्ञानेश्वरीवर माझा जीव आहे. स्वर्ग, नरक, पुनर्जन्म यांवर ठाम बोलायची वेळ आली की मात्र जीभ अडते. सिद्धता नसलेलं उत्तर मी आयुष्यभर पोरांच्या वहीत खोडत आलोय. म्हणून दहाव्याची प्रवचनं मी होता होईल तो टाळायचो.

ते एक टाळता आलं नाही. गेलेल्या माणसाचा मुलगा माझ्याच वर्गात होता, नववीत.

२०१६ चा उन्हाळा. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते साल. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगाखेडला गंगेच्या पात्रात नुसती वाळू आणि मधूनमधून शेवाळलेली डबकी होती. बापाची तीन एकर कोरडवाहू जमीन. ओळीनं दोन वर्षं पीक हातचं गेलं, सोसायटीचं आणि सावकाराचं देणं वाढलं, आणि एका पहाटे त्यानं स्वतःला संपवलं. सरकारी मदतीचे एक लाख मिळायचे तर आधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. त्या कागदांची पिशवी चुलत्यानं घाटावरसुद्धा काखेतून सोडली नव्हती.

गुरुजींनी विधी उरकला. भाताचे पिंड, वर काळे तीळ. शेजारी कुणीतरी चहाचा कप आणि तंबाखूची पुडी ठेवली, त्याच्या आवडीची म्हणून. पोराचं मुंडण झालेलं, टाळूवर वस्तऱ्याचा एक बारीक ओरखडा, ओला पंचा पोटऱ्यांना चिकटलेला. सगळे कावळ्याची वाट बघत बसले.

कावळे होते. पलीकडच्या बाभळीवर तीन बसले होते, पण खाली येत नव्हते. दीडशे माणसं पिंडाला गराडा घालून बसल्यावर कुठलं पाखरू उतरेल? मी सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. निम्मे सरले. अकराचं ऊन, वाळू तापलेली. मग शब्द देणं सुरू झालं. चुलता हात जोडून बाभळीकडं बघत म्हणाला, "जमीन इकू देणार न्हाई." माय म्हणाली, "लेकराला शिकवीन, माळकरी ठेवीन." कावळा हलला नाही.

मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "असल्या मरणाला कावळा शिवत नसतोय. आत्मा अडकला."

तो हळू बोलला होता, पण सगळ्यांनी ऐकलं. मायनं पदर तोंडात कोंबला. पोरगा उठून माझ्याजवळ आला. सगळे मला महाराज म्हणत होते, त्यानं हाक मारली ती 'सर' म्हणून.

"सर, माझा बाप नरकात गेला का?"

वर्गात एखादं उत्तर बरोबर आहे का, हे तो याच आवाजात विचारायचा. मी म्हणालो, "नाही."

मला कुठून माहीत? माझ्याकडे त्याची सिद्धता नव्हती, आजही नाही. पण इतक्या खात्रीनं मी फळ्यासमोर उभा राहूनसुद्धा कधी बोललो नव्हतो. आणि ते त्याला बरं वाटावं म्हणून बोललो नव्हतो.

मग मी उभा राहिलो. तयारी करून आणलेला आत्म्याच्या अमरत्वाचा विषय सोडून दिला. म्हणालो, "ही गंगा वरून पैठण, आपेगाववरूनच येते. आपेगाव म्हणजे माउलींचं गाव. त्यांचे आईबाप कसे गेले, ठाऊक आहे ना? संन्यास सोडून संसारात आले म्हणून विठ्ठलपंतांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं. दोघांनी पाण्यात देह टाकला. मागं चार लेकरं राहिली. सातशे वर्षांत कुण्या वारकऱ्यानं म्हटलंय का, की ते दोघं नरकात गेले? आपण दोष देतो तो निवाडा देणाऱ्यांना. पण त्यांनी जायला नको होतं. त्या लेकरांना प्रायश्चित्त नको होतं, आईबाप हवे होते. यानंही जायला नको होतं. हे ओझं आज इथं बसलेल्या आणखी कुणाच्या उरावर असेल, तर त्यानं रात्री माझ्या दारात यावं. मी प्रवचन करणार नाही. ऐकून घेईन."

म्हातारा खाली बघत वाळू उकरत राहिला. त्याचा राग करावा असं मला वाटलं नाही. त्यालाही कुणीतरी हेच शिकवलं असणार.

चुलत्याला मी म्हणालो, "बापू, मघाचा शब्द पुन्हा द्या. कावळ्याकडं नको, पोराकडं बघून."

त्याला ते फार जड गेलं. कावळ्याकडं बघताना हुंदका आला नव्हता, तो आता आला. पिशवी खाली ठेवून त्यानं पोराच्या दोन्ही दंडांना धरलं आणि म्हणाला, "तुझ्या बापाची जमीन तुझीच राहील. सावकाराकडं मी जातो."

कावळा शेवटपर्यंत आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. शास्त्रात ती सोय आहेच, आणि ज्यांनी ती केली त्यांनाही अशी कुणीतरी माय दिसली असेल, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

त्या रात्री दोघं जण माझ्या दारी आले. त्यांचं इथं लिहिणार नाही.

दुपारी घाट चढून मी गाडीपाशी आलो, तेव्हा पोरगा मागोमाग आला होता. पाकीट द्यायला पाठवलं असेल म्हणून मी आधीच हात हलवला. त्याच्या हातात काही नव्हतं.

"सर, धाव्वीची पुस्तकं जुनी चालतील का?"

"चालतील," मी म्हणालो. "माझ्याकडे आहेत. उद्या ये."