रिपोर्ट आईलाही द्यायचा का?

जुलै लागला की आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या प्रिंटरला उसंत नसते. बर्मिंगहॅमजवळची ही कौन्सिलची प्राथमिक शाळा. हजेरी, दाखले, पत्रव्यवहार माझ्याकडे. वर्षअखेरचे रिपोर्ट पाकिटात भरत होते, तेवढ्यात एका बाईंचा फोन आला. इयर फाइव्हमधल्या मुलाचं नाव सांगून म्हणाल्या, "मी त्याची आई. मला त्याचा रिपोर्ट मिळेल का? नाही म्हणणार असाल तर आत्ताच सांगा."

फोनवर मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मूल आमच्याकडे शिकतं की नाही हेसुद्धा अनोळखी आवाजाला सांगायचं नसतं. ओळखपत्र आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन या म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन्ही कागद घेऊन हजर.

मुलगा आजीकडे, आईच्या आईकडे वाढतोय. आई व्यसनात होती तेव्हा कोर्टाने स्पेशल गार्डियनशिप ऑर्डर (एसजीओ) काढून आजीला स्पेशल गार्डियन, म्हणजे त्याला सांभाळणारी कायदेशीर पालक, नेमलं. आमच्या सिस्टिमवर पालक म्हणून फक्त आजी. आईचं नावच नाही. शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "एसजीओ आहे ना? मग आईचा विषय संपला."

हा समज शाळांमध्ये फार पक्का आहे. विषय संपतो तो दत्तकविधानात. इंग्लंड-वेल्समध्ये स्पेशल गार्डियनशिप डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाली ती अशाच घरांसाठी, जिथं मूल आईबापांकडे राहू शकत नाही, पण नातंही तोडायचं नाही. १९८९च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या कलम १४ सीनुसार रोजचे निर्णय गार्डियन घेतात आणि आईला ते अडवता येत नाहीत. सहलीच्या फॉर्मवर सही आजीची. तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी नातवाला परदेशी न्यायचं असेल तरी आजीला कुणाची परवानगी लागत नाही. पण आईची पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे पालक म्हणून कायद्याने असलेले हक्क आणि जबाबदाऱ्या, शिल्लक राहते, आणि १९९६च्या एज्युकेशन अ‍ॅक्टच्या नजरेत ती पालकच असते. कोर्टाने मनाई केली नसेल तर वर्षाचा रिपोर्ट तिलाही द्यायचा. लेखी मागितलं तर आमच्यासारख्या शाळेने मुलाचं शैक्षणिक रेकॉर्ड १५ शालेय दिवसांत दाखवायचं. मुलाला गंभीर अपाय होईल असं काही त्यात असेल तर तेवढं मागे ठेवता येतं. निर्णय कुणी घ्यायचा आणि माहिती कुणाला द्यायची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ऑफिसात मात्र त्यांची सर्रास गल्लत होते.

आपल्याकडे आजोळी वाढलेली मुलं काही कमी नाहीत, पण तिथं सहसा कोर्टाचा कागद नसतो. आईला काय कळवायचं हे घरातच ठरतं, किंवा ठरत नाही.

हेडबाईंनी आजींना बोलावून ऑर्डरची प्रत मागितली. आई-मुलाच्या भेटी देखरेखीखाली व्हाव्यात एवढंच त्यात होतं, माहिती देऊ नका असं कुठंही नव्हतं. आजींचा चेहरा उतरला. "रात्री दोनला दार बडवायची ती. आमचं नवं घर तिला कळलं तर?" ही भीती खोटी नव्हती, आणि आजींनी त्या पोरासाठी काय काय सोसलंय ते मी गेटवर पाहते. मी म्हटलं, "पत्ता, फोन, तुमचं नाव, सगळं काढून प्रत देऊ. अभ्यास, हजेरी, वागणूक एवढंच जाईल." "आणि स्पोर्ट्स डेला आली तर?" येता येणार नाही, कारण ती भेटच झाली असती, आणि भेटीबद्दल कोर्टाचं म्हणणं स्पष्ट होतं. आजी थोड्या सैलावल्या.

पत्ता खोडायला रिपोर्ट काढला आणि खरी अडचण समोर आली. वर छापलेलं आडनाव आजीचं होतं, जन्मदाखल्यावर वेगळंच. सिस्टिममधल्या 'या नावाने ओळखला जातो' या रकान्यात प्रवेशाच्या वेळी कुणीतरी आजीच्या सांगण्यावरून ते भरलं होतं. त्याच १४ सी कलमात लिहिलंय की पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी असलेल्या प्रत्येकाची लेखी संमती किंवा कोर्टाची परवानगी असल्याशिवाय मुलाला नव्या आडनावाने ओळखलं जाईल असं कुणी करायचं नाही. परदेशवारी चालते, आडनाव नाही! पहिल्यांदा वाचताना मला हे उलटंच वाटलं होतं.

आजी म्हणाल्या, "त्यालाच हवं होतं. तुझं आणि नॅनचं नाव वेगळं का, असं पोरं विचारतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हेडबाईंनी कौन्सिलच्या कायदा विभागाला विचारून मूळ आडनाव परत लावायला सांगितलं, आणि रिपोर्ट नव्याने छापून मी आईच्या पत्त्यावर पाठवला. आडनावाबद्दल तिला विचारणारं पत्र आजींच्या वकिलांकडून गेलं. तिने लेखी नकार दिला. म्हणाली, त्याला माझं म्हणून तेवढंच उरलंय.

आजी आता गेटवर माझ्याशी बोलत नाहीत. आडनावाच्या परवानगीसाठी त्यांनी कोर्टात अर्ज केलाय, आणि मुलाला काय वाटतं तेही तिथं विचारलं जाईल. सप्टेंबरच्या रजिस्टरात तूर्त जन्मदाखल्यावरचंच नाव आहे, आणि सिस्टिमवर संपर्काच्या दुसऱ्या ओळीत आईचं.