गिटची दुरुस्ती झाल्यावर उरणाऱ्या फाइली

वीज अचानक गेल्यामुळे गिटच्या (कोडच्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनाच्या) ऑब्जेक्ट्स फोल्डरमध्ये, म्हणजे त्या इतिहासाचे तुकडे जिथे साठतात तिथे, शून्य बाइटच्या फाइली तयार झाल्या, की त्या बाजूला काढून सहकाऱ्याच्या क्लोनमधून (त्याच्याकडच्या पूर्ण प्रतीतून) चांगल्या प्रती आणल्या जातात, 'गिट एफएससीके' (साठा तपासणारी आज्ञा) तक्रार करेनासे झाले की सगळे कामाला लागतात, आणि दुरुस्तीत मागे राहिलेल्या फाइली तशाच पडून राहतात. हे मला फार खटकते.

'टीएमपी_पॅक' अशा नावाच्या फाइलींची काळजी नसावी. फेच (दूरच्या प्रतीतून बदल आणणे) किंवा रीपॅक (ऑब्जेक्ट एकत्र बांधणे) अर्ध्यावर तुटले की त्या उरतात, आणि दोन आठवड्यांहून जुन्या झाल्यावर 'गिट जीसी' ही साफसफाईची आज्ञा त्या स्वतःच काढून टाकते.

काळजी करावी ती लॉस्ट-फाउंड फोल्डरची. एफएससीके 'लॉस्ट-फाउंड' पर्यायासह चालवले, की कशाशीच न जोडलेले ऑब्जेक्ट या फोल्डरच्या 'कमिट' (नोंदवलेले बदल) आणि 'अदर' (इतर) अशा दोन भागांत नोंदवले जातात. या पर्यायात रीफ्लॉगचा (आधीच्या स्थितींच्या स्थानिक नोंदवहीचा) आधार धरला जात नाही, त्यामुळे अमेंड (शेवटचा कमिट सुधारणे) किंवा रीबेस (कमिट नव्या पायावर मांडणे) करून मागे टाकलेले जुने कमिटही यादीत येतात आणि नुकसान आहे त्याहून मोठे वाटू लागते. यादी पाहून घाबरण्याआधी एकेक कमिट 'गिट शो'ने उघडावा. संदेश 'डब्ल्यूआयपी ऑन' असा सुरू होत असेल, तर तो बहुधा कधीतरी टाकून दिलेला स्टॅश (तात्पुरते बाजूला ठेवलेले काम) असतो. हवा असलेला कमिट सापडताच त्यावर ब्रँच (कमिटला धरून ठेवणारे नाव) काढावी, कारण 'कमिट' भागातल्या फाइलीत केवळ त्याचा क्रमांक असतो आणि मूळ ऑब्जेक्ट छाटला गेल्यावर त्या क्रमांकाचा काहीही उपयोग राहत नाही.

'अदर' भागातल्या ब्लॉबचे (फाइलीचा मजकूर साठवणाऱ्या ऑब्जेक्टचे) मात्र उलट आहे: तिथे क्रमांक नव्हे, तर फाइलीचा संपूर्ण मजकूर साध्या रूपात लिहिला जातो. चुकून 'गिट ॲड' झालेली (कमिटसाठी निवडली गेलेली) पासवर्डची फाइल इतिहासात कधी गेली नसली, तरी तिची प्रत इथे उघडी पडलेली असू शकते. नंतर रीफ्लॉग पुसून 'प्रून' केले (न जोडलेले ऑब्जेक्ट छाटले) तरी ही प्रत जात नाही, कारण जीसी या फोल्डरला हात लावत नाही. क्लोनबरोबर हा फोल्डर जात नाही हे खरे, परंतु संपूर्ण डिरेक्टरीची झिप करून कोणाला दिली किंवा बॅकअप घेतला, तर तो मजकूरही सोबत जातो.

म्हणून उपयोगाचे कमिट ब्रँचवर आणल्यानंतर आणि 'अदर'मधल्या फाइली एकदा वाचून झाल्यावर लॉस्ट-फाउंड फोल्डर हाताने काढून टाकावा, आणि त्यात पासवर्ड आढळला असेल तर तो त्याच दिवशी बदलावा.